बीटलची पुढची काच काढून नवीन रबर बसवायचंय, जुनी काच वाचेल का?

हवेवरचं_इंजिन

नमस्कार मंडळी. गाडी १९७० ची फोक्सवॅगन बीटल. पुढची काच बहुतेक कंपनीतून आली तीच आहे, खालच्या कोपऱ्यात जुना मार्क अजून दिसतो. तडा कुठे नाही, वायपरचे बारीक ओरखडे आहेत पण ते रात्री समोरून लाइट आला तरच दिसतात. प्रॉब्लेम रबरचा आहे. रबर पार वाळलंय, कोपऱ्यांत भेगा पडल्यात, नखाने दाबलं तर दबतच नाही, आणि पाऊस झाला की डाव्या बाजूचं पायाखालचं मॅट ओलं. आता त्याच बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्याशी रंग फुगायला लागलाय म्हणजे आत गंज धरलाय हे नक्की, किती धरलाय ते काच काढल्याशिवाय कळणार नाही.

तर काच काढायची, पत्रा बघायचा, नवीन रबर टाकायचं असं ठरवलंय. पण विचारावं तेवढी वेगळी उत्तरं मिळतायत. एक जण म्हणतो सिलिकॉन भर चांगलं चेपून, थेंब आत येणार नाही, दुसरा म्हणतो काहीही लावू नको कोरडंच बसव. दोरी लावून बसवतात असं ऐकलंय पण ती दोरी नक्की काय करते ते कुणी नीट सांगितलं नाही. आणि रबरात चकचकीत पट्टी असते ती आधी घालायची का काच बसल्यावर? मदतीला धाकटा भाऊ आहे, दोघांत होईल का? घाई अजिबात नाही, गाडी उभी राहिली तरी चालेल, फक्त ती काच माझ्या हातून फुटू नये एवढं बघायचंय, कारण गाडीबरोबर आलेली गोष्ट एकदा गेली की गेली.

काचवाले_काका

दादा, काच वाचेल. दोघांत आरामात होईल. पण आधी काच कुठली आहे ते बघा. तो कोपऱ्यातला मार्क भिंग घेऊन वाचा, लॅमिनेटेड लिहिलंय का टफन्ड. शब्द नसेल आणि एएस-१ असं काही असेल तर ती अमेरिकन पद्धतीची खूण, त्यात पुढच्या काचेला एएस-१ च लागतं, एएस-२ पुढे चालत नाही. काहीच वाचता आलं नाही तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरक्या उन्हात बघा, टफन्ड काचेत ठिपके किंवा ढगासारखे डाग दिसतात, लॅमिनेटेडमध्ये सहसा दिसत नाहीत.

हे एवढ्यासाठी सांगतोय की दोन्ही काचा वेगळ्या कारणाने फुटतात. लॅमिनेटेड म्हणजे दोन पातळ काचा आणि मधे पीव्हीबीचा पारदर्शक थर, साधारण ०.७६ मिलिमीटरचा. तिला वाकवलेलं चालत नाही, एका जागी जोर आला की काठापासून तडा निघतो आणि सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो. टफन्ड म्हणजे एकच जाड काच, ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने पटकन गार केलेली, त्यामुळे वरचा थर कायम दाबात आणि आतला भाग ताणात. तळहाताने कितीही ढकला, ऐकून घेते, पण काठाला पक्कडीचं किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं की एका क्षणात सगळी दाणे दाणे. म्हणून काच कुठलीही असो, काठाशी लोखंडी हत्यार न्यायचंच नाही. लाकडाची नाहीतर प्लॅस्टिकची चपटी पट्टी घ्या, कडा घासून गोल केलेली.

आता मुख्य गोष्ट. रबर नवीन टाकणारच आहात ना, मग जुनं वाचवत बसू नका. लोक काय करतात, रबर आतून उचकटत उचकटत काच बाहेर ढकलतात, आणि वाळलेलं रबर काचेला सोडत नाही म्हणून अजून जोर लावतात, तिथेच काच जाते. त्यापेक्षा आधी चकचकीत पट्टी हळू सोडवून घ्या, ती अॅल्युमिनियमची असते, एकदा मुरडली की सरळ केली तरी उन्हात ती जागा चमकते. मग धारदार कटर घेऊन बाहेरच्या बाजूची रबरची लिप, म्हणजे काचेवर येणारा भाग, काचेला समांतर सगळीकडून कापून काढा. नवीन पातं घ्या, मधेच बोथट झालं तर बदला, बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लागला की हात सटकतो. लिप गेली की काच मोकळी. आतून एकाने वरच्या कोपऱ्याशी उघडे तळहात ठेवून सावकाश दाबायचं, बाहेरच्याने हात तयार ठेवायचे, काच जवळजवळ आपणहून बाहेर येते. पाय लावून ढकलणारे बघितलेत मी, लॅमिनेटेड असेल तर ते विसरा.

बीटलमध्ये अजून एक. छताचं कापड वरच्या बाजूला आणि दोन्ही खांबांवर काचेच्या चौकटीच्या कडेवर दुमडून चिकटवलेलं असतं, रबर त्याच्यावर बसतं. म्हणून आतून कटर चालवू नका. कापड जुनं असेल तर ते हाताने ओढलं तरी फाटतं.

आणि काच काढायच्या आधी डॅशबोर्डवरच्या गरम हवेच्या फटी चिकटपट्टीने बंद करा. काच फुटणार नाही असं धरून चाललो तरी रबरचे तुकडे आणि गंजाची पूड त्यात जाते. टफन्ड काच फुटलीच तर दाणे त्या नळीत जाऊन बसतात आणि पुढे कधीतरी हीटर उघडला की तोंडावर येतात. चष्मा आणि हातमोजे घाला हे वेगळं सांगायला नको.

काढलेली काच आडवी टाकून ठेवू नका. भिंतीशी थोडी तिरकी, काठावर उभी, खाली लाकडी पट्टी किंवा जुना गालिचा.

मिनीवाला

काकांनी काचेचं सांगितलं, मी पत्र्याचं सांगतो कारण माझ्या मते खरं काम तिथेच आहे. काच तासाभरात निघते राव, पण चौकटीची कड जर नीट नसेल तर जगातलं सगळ्यात भारी रबर आणून बसवलंत तरी पाणी येणारच. रबर काय करतं, पत्र्याच्या कडेला दोन्हीकडून चिमटा काढून धरतं. कडेवर खड्डा असला, गंजाचा फोड असला, जुन्या सीलंटची गाठ असली तर त्या जागी चिमटा बसत नाही आणि पाणी बरोबर तीच जागा शोधतं.

तर काच निघाल्यावर सगळी कड उघडी करा. जुना चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, राहिलेला मिनरल टर्पेंटाइनने पुसा. रंग घासताना मास्क लावा, त्या काळातल्या रंगात शिसं असू शकतं. वरवरचा गंज असेल तर चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचा, मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग. पण रंग पूर्ण पक्का होऊ द्या, वरून सुकलेला म्हणजे पक्का नव्हे. नाहीतर रबर त्या मऊ रंगात रुतून चिकटतं आणि पुढच्या वेळी काढताना रंग घेऊनच येतं. तुम्हाला घाई नाही म्हणालात ते फार बरं आहे.

कडेवर पुट्टी भरायची नाही. रबर कायम दाबून धरतं, गाडी चालताना बॉडी थोडी पिळवटते, पुट्टी तडकते, आत पाणी मुरतं, आणि ते रबरखाली झाकलेलं असल्याने कळत पण नाही. पत्रा आरपार गेला असेल तर तेवढा कापून नवीन तुकडा कडेला कड लावून वेल्ड करायचा. वरून दुसरा पत्रा ठोकून जाड करू नका, रबरची खाच ठरावीक जाडीसाठी असते, दुप्पट जाडीवर ती चढतच नाही किंवा चढली तरी उघडी राहते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्या अक्षरात लिहिलं असं समजा. बीटलची पेट्रोलची टाकी पुढे बॉनेटखाली असते, काचेपासून हातभर लांब. त्या कोपऱ्यात वेल्डिंग करायचं असेल तर टाकी काढून लांब न्यायची, नुसती रिकामी करून जागेवर ठेवायची नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. बॅटरीची वायर सोडा, डॅशबोर्डमागच्या वायरी बाजूला घ्या, छताचं कापड झाका, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

माझी मिनी आहे, तिची पद्धत उलटी आहे म्हणून सांगून ठेवतो, कारण नेटवर दोन्ही गाड्यांचे व्हिडिओ एकत्र दिसतात आणि माणूस गोंधळतो. मिनीत रबर आधी चौकटीवर चढवतात, मग त्यात काच सरकवतात आणि सगळ्यात शेवटी एक वेगळी लॉकिंग पट्टी रबरच्या खाचेत दाबतात, ती गेली की रबर फुगून काचेला आवळतं. त्याला एक कडीसारखं तोंड असलेलं हत्यार मिळतं, त्याशिवाय बोटं सोलून निघतात. ती पट्टी ओढली की रबर ढिलं होतं म्हणून मिनीची काच काढणं पण सोपं. बीटलचं तसं नाही, काका सांगतीलच.

हवेवरचं_इंजिन

काका आणि मिनीवाले, दोघांचे मनापासून आभार. टाकीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मार्क वाचला, लॅमिनेटेड आहे. तुम्ही सांगितल्यासारखी लिप कापून आज काच काढली, अख्खी निघाली! भाऊ आत, मी बाहेर, जोर असा लावावाच लागला नाही. काठावरून बघितलं तर मधला थर रेषेसारखा स्पष्ट दिसतो. पण खाली डाव्या बाजूला काठापासून आत दोन बोटं असा दुधाळ पट्टा आहे, रबर असताना त्यातला बराच झाकलेला होता. तो साफ होतो का? का काच बाद धरायची?

पत्रा बघितला. उजवीकडे वरवरचा गंज आहे. डावीकडे कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला, साधारण अंगठ्याएवढी जागा. टाकी काढणार, वेल्डिंग माहीतगार माणसाकडूनच करून घेणार, ते मी करत नाही.

काचवाले_काका

छान झालं, अवघड भाग संपला.

दुधाळ पट्टा साफ होत नाही दादा. काठातून ओल शिरते आणि मधला थर काचेपासून सुटायला लागतो, तो बाहेरून पुसून जाणारा डाग नव्हे. कुणी काठावर थिनर सोडून बघा म्हणेल, चुकूनही करू नका, थिनर त्या थराला खातं आणि पट्टा वाढतो. रबरमध्ये पाणी साचून राहिलं की हे होतं, बहुतेक खालच्याच काठाला. आता ठरवायचं कसं, तर पट्टा रबरखाली आणि वायपरच्या खाली राहत असेल, ड्रायव्हरच्या नजरेत येत नसेल, तर काच खुशाल वापरा, नवीन रबरने ओल थांबली की तो वाढायचा वेग खूप कमी होतो. नजरेत येत असेल तर मात्र मूळ काच म्हणून जीव अडकवू नका, ती गुंडाळून जपून ठेवा आणि गाडीत नवीन लॅमिनेटेड टाका. ओरखड्यांचंही तेच, नख फिरवून बघा, नख अडकत नसेल तर ठीक. अडकत असेल तर सिरियम ऑक्साइडने पॉलिश करून खोल चरा काढायच्या भानगडीत पडू नका, चरा जातो पण त्या जागी काच लहरी होते आणि समोरचा रस्ता हलल्यासारखा दिसतो.

हा मधला थर पूर्वी फार त्रासाचा होता. लॅमिनेटेड काचेचं पेटंट फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टस या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली घेतलं, तेव्हा मधे सेल्युलोजचा थर असायचा आणि तो उन्हाने पिवळा पडायचा. पीव्हीबी आल्यावर ते थांबलं, पण काठाची काळजी आजही तशीच घ्यावी लागते.

रबर घेताना दोन गोष्टी बघा. १९६५ च्या मॉडेलपासून बीटलची काच मोठी झाली म्हणून त्याआधीचं रबर तुमच्या गाडीला येत नाही, आणि १९७३ च्या मॉडेलपासून आलेल्या १३०३ या बीटलची काच जास्त गोलाईची, तिचं रबर वेगळं. दुसरं म्हणजे चकचकीत पट्टीसाठी खाच असलेलं आणि नसलेलं अशी दोन रबरं मिळतात, तुम्हाला खाचेचं हवं. आणल्यावर पट्टीचा तुकडा खाचेत घालून बघा. घडी पडलेलं रबर असेल तर दिवसभर उन्हात सैल पसरून ठेवा.

आता बसवायचं. टेबलावर जाड चादर, त्यावर काच. रबर काचेवर चढवायचं, काचेची खाच कुठली आणि पत्र्याची कुठली ते आधी नीट ओळखा, उलटं चढवलेलं लोक मधेच लक्षात आल्यावर परत काढतात. कोपरे आधी बसवा, मग सरळ बाजू, रबर ताणू नका, उलट कोपऱ्यांकडे थोडं ढकलतच न्या, ताणलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. रबरचा जोड मी खाली मध्यावर ठेवतो.

चकचकीत पट्टी टेबलावरच घालायची, काच गाडीत जायच्या आधी. बसवल्यावर घालायला गेलात तर रबर आवळलेलं असतं, पट्टी वाकणारच. साबणाचं पाणी लावून खाचेची लिप उघडत उघडत घाला आणि पट्टीच्या जोडावरची छोटी क्लिप विसरू नका.

मग दोरी. चार ते पाच मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, नायलॉनची चालेल. पत्र्याच्या खाचेत सगळीकडून फिरवायची, खाली मध्यावर दोन्ही टोकं वीतभर एकमेकांवरून नेऊन बाहेर काढायची आणि काचेच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवायची. खाच आणि कड दोन्हीला साबणाचं पाणी. तेल, ग्रीस, पेट्रोलियम जेली काही नको, आजकालचं बरंचसं रबर ईपीडीएम असतं आणि खनिज तेलाने ते फुगतं.

दोघांनी काच उचलून चौकटीवर टेकवायची, आधी खालची कड खाचेत बसते का बघा, मधोमध आहे का बघा, दोन्हीकडे अंतर सारखं पाहिजे. मग एक जण आत. दोरीचं टोक काचेच्या मध्याकडे, कडेशी काटकोनात ओढायचं, आणि बाहेरच्याने नेमकं त्याच जागी तळहाताने थोपटायचं. दोरी बाहेर येताना रबरची आतली लिप उचलून पत्र्याच्या कडेवरून आत आणते, एवढंच तिचं काम. थोडं एका बाजूला, थोडं दुसऱ्या बाजूला, असं खालून कोपऱ्यांकडे आणि मग वर. एकाच बाजूने भरभर गेलात तर काच तिरकी होते. दोरी निघाली पण लिप आत आली नाही, तर ओढू नका, थांबा, प्लॅस्टिकच्या पट्टीने लिप आत घ्या आणि मग पुढे. जोर लावावा लागतोय असं वाटलं की समजायचं, काच नीट टेकलेली नाही, काढून परत लावायची. छताच्या कापडाशी सावकाश, दोरीबरोबर ते सुटून येतं.

थेंबाचा_माग

काका, सगळं पटलं, फक्त जोडाबद्दल माझं वेगळं मत आहे. पाणी खाली साचतं, मग जोड खाली ठेवून आपण सगळ्यात कच्ची जागा सगळ्यात ओल्या जागी ठेवतोय. मी वर मध्यावर ठेवतो. ज्यांच्याकडे आपल्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आहे त्यांनी त्यात दिलंय तसं करावं.

सिलिकॉनबद्दल मी लिहितो कारण कुणी लिहिलं नाही आणि प्रश्नात ते विचारलंय. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे लावूच नका, कृपा करून. तो वास अॅसिटिक अॅसिडचा असतो, सुकताना ते बाहेर पडतं, आणि उघड्या पत्र्याला ते लागलं की गंज झपाट्याने धरतो. वरून ते एकदा कडेला लागलं की पुढे त्या जागी रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखी भोकं पडतात, पेंटर वैतागतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते फट बुजवत नाही, पाणी आत अडकवतं. तुमच्या कोपऱ्यातला पत्रा आरपार का गेला विचारलं तर मला वाटतं पाणी आत आल्याने कमी आणि बाहेर जायला वाट न मिळाल्याने जास्त.

लावायचंच असेल तर न सुकणारं ब्यूटिलचं मस्टिक, म्हणजे फट बुजवायचा मऊ चिकट लगदा, मिळतं, काचेसाठीचं म्हणून, आणि डब्यावर वाचून घ्या की लॅमिनेटेड काचेच्या काठाला चालतं, कारण सॉल्व्हंटवालं मस्टिक पीव्हीबीला त्रास देतं. पण आधी कोरडी बसवा. कड सरळ आणि रबर चांगलं असेल तर बऱ्याच गाड्यांना काही लागत नाही. मग पाण्याची टेस्ट. पाइपला जोर नको, नुसतं वाहतं पाणी, खालून सुरुवात, एका जागी काही मिनिटं, मग थोडं वर. वरून सोडलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरतंय कुठून ते कळत नाही. आतल्याने टॉर्च घेऊन बसायचं आणि डॅशबोर्डच्या कडेने खडूची पूड किंवा वर्तमानपत्र ठेवायचं, पहिला थेंब कुठे पडला ते लगेच दिसतं. गळलं तर तेवढ्याच जागी लिप उचलून मस्टिक.

अजून एक, बीटलवाल्यांनी हे विशेष बघा. १९६८ च्या मॉडेलपासून काचेपुढे ताज्या हवेची जाळी आली, तिच्याखाली एक डबा असतो आणि त्यातलं पाणी बाहेर जायला रबरी नळी. ती नळी पानांनी तुंबली किंवा सुटली की पाणी बरोबर पायाशी येतं आणि दोष काचेला लागतो. वायपरच्या दांड्याखालचे रबरी वॉशर पण बघा. मॅट ओलं होतं म्हणजे काचच गळते असं धरून चालू नका. आता तुमची काच निघालेलीच आहे, वायपर सुटलेत, टाकी निघणार आहे, यापेक्षा चांगली वेळ नाही, त्या डब्यात मगभर पाणी ओतून बघा बाहेर येतं का.

मिनीवाला

थेंबवाल्यांच्या कोरडी बसवा म्हणण्याला माझी एक पुरवणी. ते खरं आहे पण पत्रा नवीन लावलेल्या जागी नाही. वेल्ड करून घासलेल्या कडेची जाडी कितीही केलं तरी थोडी कमीजास्त राहते, तिथे मस्टिकची बारीक रेघ मी आधीच देतो, पत्रा आणि रबरच्या मधे. आणि काच बदलायची ठरलीच तर जाडी मोजून घ्या. रबर ज्या जाडीचं त्याच जाडीची काच. जुनी टफन्ड काढून त्याजागी लॅमिनेटेड घालताना लोक इथे फसतात, जाडी थोडी कमी निघाली तरी काच रबरात खेळते आणि खड्ड्यातून गेलं की कुरकुर ऐकू येते.

हवेवरचं_इंजिन

मंडळी, अपडेट देतो.

थेंबवाले, तुम्ही म्हणालात तेच! डब्यात पाणी ओतलं, बाहेर काहीच आलं नाही, नळीत मातीचा आणि पानांचा घट्ट बोळा होता. म्हणजे मॅट ओलं होण्यात काच आणि नळी दोघांचा हात होता. नळी नवीन घातली, वायपरचे वॉशर पण बदलले.

पत्रा झाला, टाकी काढूनच. प्रायमर, रंग, आणि रंग पक्का व्हायला भरपूर वेळ दिला. दुधाळ पट्टा नजरेत येत नाही हे ड्रायव्हर सीटवर बसून, काच नुसती टेकवून बघितलं, त्यामुळे मूळ काचच ठेवली. जोड खाली ठेवला कारण माझ्या रबरला तो कारखान्यातूनच पक्का जोडलेला आहे आणि पट्टीची क्लिप बरोबर त्यावर येते. दोरीने भारी काम झालं, भावाला एकदा लय समजल्यावर बाजूची लिप कशी आत येत गेली ते बघण्यासारखं होतं. पाण्याच्या टेस्टमध्ये डाव्या कोपऱ्यात, नव्या पत्र्याच्या जागी, थोडं पाझरलं, तिथे मिनीवाल्यांनी सांगितलेलं मस्टिक दिलं, आता कोरडं आहे.

दोन शंका राहिल्यात. उजवीकडे वर एका जागी रबरची बाहेरची लिप आत दुमडल्यासारखी दिसते, चिमूटभर जागा, ती तशीच चालेल का? आणि गाडी लगेच बाहेर काढू का?

काचवाले_काका

वा, मन लावून केलंत, फार बरं वाटलं वाचून.

दुमडलेली लिप तशी ठेवू नका, पुढे रबर त्याच आकारात बसतं आणि मग सुटत नाही. साबणाचं पाणी सोडा, गोल कडेची प्लॅस्टिक पट्टी लिपखाली सरकवा आणि लांबीच्या दिशेने ओढत न्या, सरळ वर उचकू नका, चकचकीत पट्टी मुरडेल. नंतर ते साबणाचं पाणी साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या, साबण राहू देऊ नका.

गाडी काढा, फक्त पहिले काही दिवस खराब रस्त्यावर नको, रबर अजून आपली जागा घेतंय. आणि दार लावताना बाजूची काच बोटभर उघडी ठेवत जा. बीटलची केबिन इतकी हवाबंद असते की काचा बंद असल्या तर दार आपटावंच लागतं, आणि तो सगळा हवेचा दाब नव्या रबरवर आतून येतो. थोड्या दिवसांनी एकदा बाहेरून तळहात फिरवून बघा, कुठे रबर वर आलंय का, आलं असेल तर तिथे थोपटून बसवा.